‘विसरले’ म्हणायची सवय

आमच्या घरात गॅसला मी हात लावायचा नाही असं गणपतीच्या आधी ठरलं. ठरवलं मुलाने आणि सुनेने. मला सांगितलं तेव्हा मी नेहमीसारखी "हो" म्हणाले. काय ठरलं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. चहा ठेवायला गेले तर शेगडीवर मोठं पातेलं पालथं घातलेलं आणि त्यावर सुनेच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली, "आई, कृपया गॅस लावू नये." सून अंधेरीला ऑफिसात कामाला आहे, त्यामुळे घरातसुद्धा तिचं लिहिणं ऑफिसातल्यासारखंच असतं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं वाचता येतं. दोनदा वाचलं आणि बाहेर येऊन बसले.

माझे यजमान खिडकीपाशी पेपर वाचत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बरीच वर्षं एका सोसायटीत वॉचमनची नोकरी केली, आता घरीच असतात. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "चाय?" मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. ते आत गेले, चिठ्ठी वाचून आले आणि पुन्हा पेपर उघडून बसले. त्यांना गॅस लावायला बंदी नव्हती, पण लावता येत नव्हता. त्या सकाळी आम्ही दोघांनी बिस्किटं पाण्यात बुडवून खाल्ली.

कारण काय, तर मी विसरायला लागले होते. कुकर लावून मी बाल्कनीत कपडे वाळत घालत उभी राहिले आणि आतली डाळ काळी होऊन कुकरचं बूड गेलं. सोसायटीचं पाणी दोन दिवस बंद राहणार, भरून ठेव, असं मुलाने सांगितलं होतं, मी हो म्हणाले आणि एक बादलीही भरली नाही. सुनेच्या ऑफिसातले पाच जण जेवायला येणार होते, आणि घरात भात आमच्यापुरता. ते पाचही जण फार सभ्य होते. आम्हाला रात्री भात चालतच नाही म्हणाले.

प्रत्येक वेळी मला विचारलं गेलं, "आई, सांगितलं होतं ना?" आणि प्रत्येक वेळी मी म्हणाले, "विसरले गं."

आता खरं लिहायला हरकत नाही, कारण हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे. मी काही विसरले नव्हते. मला ऐकूच आलं नव्हतं. पण "ऐकू आलं नाही" असं म्हटलं की माणसं पुन्हा सांगतात, आणि मोठ्याने सांगतात. तरी नाही आलं तर आणखी मोठ्याने. मग आजूबाजूचे सगळे आपल्याकडे बघायला लागतात. मला लहानपणापासून कुणी बघितलं की घाम येतो. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना "काय?" असं उलटून विचारायची सोय नव्हती. त्या सांगतील त्याला हो म्हणायचं आणि नंतर काय सांगितलं असेल ते ओळखायचं. त्यामुळे कान शाबूत होते तेव्हापासूनच मला न ऐकता हो म्हणायचा सराव होता. आणि "विसरले" हा शब्द किती सोपा. विसरले म्हटलं की माणसं "असू दे" म्हणतात. बहिरी म्हटलं की हसतात. गावाला एक बहिरी बाई होती, तिची थट्टा करणं हा सगळ्या वाडीचा करमणुकीचा कार्यक्रम होता, आणि हसण्यात मीही असायचे.

बहिरेपणा लपवायला आमच्यासारखी जागा नाही. घाटकोपरला आमच्या डोक्यावरून विमानं उतरतात. विमान आलं की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबतो, विमान जातं, तो पुढचं बोलतो. नाहीतर सगळेच आरडाओरडा करून बोलतात. अशा ठिकाणी कुणाला काय ऐकू आलं आणि काय नाही, याचा हिशोब कोण ठेवतो? आणि मी मुळात कमी बोलणारी. गप्प बसणारी बाई बहिरी झाली तरी कुणाला कळायला मार्ग नाही.

आधी बारीक आवाज गेले. दूध उतू जाण्याआधी पातेल्यात सळसळतं तो आवाज, मग चिमण्या, मग कुकरची शिट्टी. पुरुषांचे जाड आवाज बरेच दिवस येत राहिले, बायकांचे बारीक आवाज धुरासारखे झाले. माझ्या सुनेचा आवाज बारीक आहे आणि ती भरभर बोलते, तेही चप्पल घालता घालता, पाठमोरी. त्यामुळे घरात सगळ्यांत कमी मला तिचंच ऐकू यायचं. तिने मुलाकडे तक्रार केली, "आई माझं ऐकतच नाहीत." ते खरं होतं. फक्त तिला वाटत होतं तसं नव्हतं.

गॅस बंद झाल्यावर स्वयंपाकाला बाई ठेवल्या. हे मला जास्त लागलं. मी बाहेर कुणाशी दोन वाक्यं धड बोलत नाही, बचत गटाच्या बैठकीत माझा नंबर आला की मी पाणी प्यायला उठते. पण ओट्यापाशी मी कुणाला घाबरत नव्हते. बांगड्याच्या कढीत तिरफळं किती घालायची हे मला कुणी विचारायचं, मी कुणाला नाही. आता मी स्टुलावर बसायची आणि बाई माशाच्या कालवणात गरम मसाला घालायच्या.

बाई स्वभावाने चांगल्या. येताना बोलत यायच्या, बोलत पोळ्या लाटायच्या आणि बोलत जायच्या. मी मान हलवायची. त्या खाली वॉचमनजवळ म्हणाल्या म्हणे, की या आजींसारखं ऐकून घेणारं माणूस बघितलं नाही.

एक दिवस बाई आल्याच नाहीत. संध्याकाळी सुनेने फोन केला तर त्या म्हणाल्या म्हणे, "आजींना काल सांगून गेले की. त्या म्हणाल्या, खुशाल जा."

सुनेने माझ्याकडे बघितलं.

"विसरले," मी म्हणाले.

गणपतीत हे सगळं देवापर्यंत गेलं. आमच्या कोकणात पूजा झाली की गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर बाकीच्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मुंबईत येऊन एवढी वर्षं झाली तरी आमच्या घरात हे चुकलेलं नाही. गाऱ्हाणं घालायला मुलुंडहून माझे चुलत दीर येतात. मला हा कार्यक्रम सगळ्यांत आवडतो, कारण त्यात मला मोठ्याने बोलता येतं. सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज लपतो. आणि त्याला ऐकू यायची गरज नाही. दीर मान वर करून थांबले की म्हणायचं.

त्या वर्षी ते सुरू झाले. "बा देवा म्हाराजा, आज तुझी जी काय सेवा ह्या लेकरांनी केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कोणाची काय चूकभूल झाली असात तर पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मग ते जरा हळू काहीतरी बोलले. मी मागे उभी होते, मला फक्त त्यांची मान दिसत होती. मान वर झाली. मी नेहमीपेक्षा जोरात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मी एकटीच म्हणाले. बाकी सगळे गप्प होते. मुलगा खाली बघत होता, सुनेने तोंडावर पदर घेतला होता, आणि दीर मागे वळून माझ्याकडे बघत होते.

"गे वयनी," ते म्हणाले, "तू कित्याक व्हय म्हणतस?"

ते काय म्हणाले होते ते मला यजमानांनी आरती आटपल्यावर बाल्कनीत नेऊन, तोंडासमोर तोंड आणून सांगितलं. ते असं होतं, "आणि ह्या घरची जी मालकीण आसा, तिचा डोक्या हल्ली जाग्यार नाय, सांगलेला विसारता, गॅस चालू ठेवता, तिका बरी बुद्धी दी रे म्हाराजा."

सून बिचारी रडकुंडीला आली होती, तिचं बोलणंही मला यजमानांकडूनच कळलं. "काका, मी तुम्हाला देवाला सांगा म्हटलं होतं, सगळ्यांना नाही."

"गाऱ्हाणा मनात घालूचा नसता," दीर म्हणाले. "आणि तिना सोता व्हय म्हटल्यान. आता देव काय करतलो?"

सगळे हसले. मीही हसले, कारण हसणाऱ्यांत हसलं की वेगळं दिसत नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला माझी मोठी जाऊ आठवली. ती गावाला असते. हल्ली ती स्वतःच्या मुलाला ओळखत नाही, सकाळी उठून मेलेल्या सासूबाईंना पेज काढून ठेवते. तिचंही असंच सुरू झालं होतं, लोकांत बसेनाशी झाली, विचारलं की हसायची. मी इतके दिवस "विसरले, विसरले" म्हणत होते ते खोटं आहे असं मला वाटत होतं. पण हल्ली शेजारणीचं नाव चटकन आठवायचं नाही. पिशवी घेऊन खाली उतरले की काय आणायला उतरले ते आठवायचं नाही. मला वाटलं, म्हणता म्हणता खरंच झालं असेल तर? मग गॅसचं काय, काहीच माझ्याकडे राहणार नाही.

हे मी कुणाला सांगितलं नाही. दिवाळीआधी मुलगा मला अंधेरीला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, तेव्हा मी मुकाट्याने मेट्रोत बसले.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना सर्दी झाली होती, म्हणून त्यांनी तोंडाला मास्क लावला होता. माझं ऐकणं म्हणजे निम्मं ओठांकडे बघणं. मास्क दिसल्यावरच मी समजले की आज आपलं काही खरं नाही. मुलगा माझ्या बाजूला बसला. डॉक्टर कागद घेऊन काहीतरी विचारायला लागले.

पहिला प्रश्न मला ऐकू आला, "आजार कोणता?"

"साखर आहे थोडी," मी म्हणाले. "गोळी चालू आहे."

डॉक्टरांनी मुलाकडे बघितलं आणि कागदावर खूण केली. मग त्यांनी विचारलं, "डाळ कोणती चालू आहे?"

मला जरा बरं वाटलं. एवढा मोठा डॉक्टर, पण प्रश्न माझ्या आवाक्यातला होता. "दुपारी तुरीची," मी म्हणाले. "रात्री मुगाची. पण हल्ली मी करत नाही, बाई करतात. त्यांना फोडणी जमत नाही."

मुलाने कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी आणखी एक खूण केली, आणि मग त्यांना शिंक आली. एक आली, दुसरी आली, मास्क खाली ओढून ते नाक पुसत राहिले. नाक पुसता पुसताच, मास्क हनुवटीवर असताना, त्यांनी पुन्हा विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"गुरुवार," मी म्हणाले.

ते थांबले. "साल कोणतं चालू आहे?"

मी साल सांगितलं. महिना सांगितला. पंतप्रधान सांगितले. शंभरातून सात वजा करत खाली या म्हणाले, तशी आले, कारण चौथीपर्यंत आम्हाला पाढे आणि वजाबाकी छडीने शिकवली होती.

डॉक्टरांनी मास्क वर केला आणि तोंड भिंतीकडे करून काहीतरी म्हणाले. मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "आई, ते विचारतायत, तुझे कान कधी तपासले?"

डॉक्टर खुर्ची सरकवून माझ्यासमोर आले, मास्क काढून खिशात घातला. "आजी, तुम्हाला ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत आहे ना?"

मुलगा बाजूला बसलेला. मी खाली बघून मान हलवली. त्या वेळी हो म्हणायला मला जेवढा वेळ लागला तेवढा आयुष्यात कधी लागला नसेल.

"मग ही विसरते म्हणून सांगते ते?" मुलाने विचारलं.

"ते त्यांना विचारा."

मुलाने मला विचारलं नाही. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. मला वाटलं रागावेल. "आई, तू पण ना," म्हणाला. "तुझ्यामुळे दर रविवारी मी तिच्या शिव्या खाल्ल्या."

डॉक्टरांनी मग मला सांगितलं ते मी नीट लक्षात ठेवलं आहे. ते म्हणाले, कान जेव्हा अर्धाच शब्द आत पाठवतो, तेव्हा उरलेला अर्धा काय असेल ते शोधत मेंदू बसतो. सगळा जोर त्यातच जातो, लक्षात ठेवायला काही उरत नाही. ऐकू येत नाही म्हणून माणूस लोकांत बसत नाही, बोलत नाही, आणि मेंदूला काम राहत नाही. असं वर्षानुवर्षं चाललं तर पुढे खरंच विसरायचा आजार होण्याचा धोका वाढतो. "कानाला मशीन लावलं म्हणजे तो होणारच नाही असं मी लिहून देणार नाही," ते म्हणाले. "पण धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टींवर इलाज करता येतो, त्यातली ही एक मोठी आहे. ही संधी हातची घालवू नका."

मी जावेबद्दल विचारणार होते. विचारलं नाही. पण येताना मेट्रोत माझ्या डोक्यात तीच होती. तिला आम्ही सगळे "हट्टी झाली आहे" म्हणायचो, कारण हाक मारली तरी वळायची नाही.

कानाची तपासणी म्हणजे एका छोट्या खोलीत बसवतात, दार लावतात, कानावर हेडफोन घालतात आणि हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. बाहेर काचेपलीकडे एक मुलगी मशीन घेऊन बसलेली. मी बसले. तिने मला खुणेने विचारलं, तयार? मी हो म्हणाले. काही ऐकू येईना. ती माझ्याकडे बघत होती, आणि इतकी आशेने बघत होती की मला तिचं वाईट वाटलं. मी बटण दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. मग सरावाने, जरा जरा वेळाने दाबत राहिले.

दार उघडून ती आत आली. हेडफोन काढला. "आजी, आवाज मी अजून सोडलेलाच नाहीये."

"हो का," मी म्हणाले.

"मग तुम्ही काय ऐकताय?"

"तुम्ही बसला होतात ना थांबून."

ती तिथल्या स्टुलावर बसली आणि पोट धरून हसली. मग म्हणाली, "माझ्यासाठी दाबू नका. नाही आला आवाज तर नाही आला. तुम्ही नापास होणार नाही." एवढ्या वर्षांत मला कुणी असं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वेळेला मी खरंखुरं दाबलं. बराच वेळ नुसती हात मांडीवर ठेवून बसले, आणि तिने रागावून बघितलं नाही.

मशीनं आली. दोन्ही कानांमागे एक एक, चिंचोक्याएवढी. मी केस कानांवर ओढून घेतले. क्लिनिकमधून बाहेर पडल्याबरोबर कुणीतरी माझ्यामागे लागल्यासारखा आवाज यायला लागला. मी थांबले की तो थांबायचा. ती माझी चप्पल होती. मुलाच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी पापड भाजल्यासारखी वाजत होती. घरी फ्रिज इतका घुरघुरत होता की मी म्हणाले, बिघडला आहे. सगळे म्हणाले, तो असाच आहे, पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि मी पहिल्यांदा त्यांचं बोलणं ऐकलं. त्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "मग आजी, ठरलं तसं मे महिना मी गावाला, आणि ताईंच्या त्या दोन साड्या तेवढ्या कपाटातून काढून ठेवा."

"कुठल्या साड्या?"

"तुम्हीच हो म्हणालात ना. ती जांभळी आणि ती मोरपंखी."

मोरपंखी साडी सुनेच्या भावाच्या लग्नातली होती. मी आणखी काय काय देऊन बसले आहे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घरातल्या लोकांनाही त्रास झाला. इतकी वर्षं माझ्यासमोर काहीही बोलायची त्यांना सवय, कुजबुजायला कुणी शिकलेलंच नव्हतं. सून तिच्या आईशी फोनवर बोलत होती. "नाही गं, त्या काय, बसल्यायत टीव्हीपुढे," म्हणाली, आणि मी वळून बघितल्यावर, "आई, मी तुला नंतर करते, आता यांना सगळं ऐकू येतं."

आठवड्याभरात मी कंटाळले. डोकं दुखायचं. भांडी घासण्याचा आवाज दातांत जायचा. सगळे आवाज एकसारखे मोठे, त्यातलं माणसाचं कुठलं आणि मिक्सरचं कुठलं हे निवडून काढताना दमून जायचे. मी मशीनं डबीत घातली, डबी देवघराच्या खणात ठेवली आणि पुन्हा मान हलवायला लागले. फार शांत वाटलं.

सुनेला ते दुसऱ्याच दिवशी कळलं. तिने जेवताना मला काहीतरी विचारलं आणि मी हो म्हणाले. ती उठली, डबी घेऊन आली, माझ्या पुढ्यात ठेवली आणि मी कानात घालेपर्यंत उभी राहिली.

"मी आत्ता काय विचारलं?"

"काय?"

"मी विचारलं, उद्यापासून मी हिमालयात जाऊन राहू का?"

यजमानांना ठसका लागला. ती माझ्याजवळ बसली. "आई, ऐका. त्या मुलीने सांगितलंय ना, सवय व्हायला वेळ लागतो, डबीत ठेवलं तर होतच नाही. आणि मला तुमच्या हातचं खायचंय. ते कालवण मलाही जात नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत मशीन घाला. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय, ते बघतील. ठीक असेल तर गॅस तुमचा. पण मशीन कानात असेल तरच. मशीन डबीत तर गॅस बंद."

"चालेल," मी म्हणाले. ऐकून म्हणाले.

मशीनवाल्या मुलीने आवाज थोडा कमी-जास्त करून दिला. हळूहळू फ्रिज मागे गेला आणि माणसं पुढे आली. सुनेचा आवाज गोड आहे, हे मला तिच्या लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. बचत गटाच्या बैठकीत मी पाणी प्यायला उठले नाही, आणि कोणी हळू बोललं की "पुन्हा सांगा" म्हणायला लागले. घाम येतो अजून, पण म्हणते.

डॉक्टरांनी पुन्हा सगळं विचारलं. या वेळी त्यांनी मास्क घातला नव्हता, पण मुद्दाम कागद तोंडापुढे धरून विचारलं. वार सांगितला, साल सांगितलं. सुरुवातीला तीन शब्द सांगितले होते, ते शेवटी विचारले.

"पेरू," मी म्हणाले, "चावी." तिसरा काही केल्या आठवेना. "ऐकला होता, अगदी स्पष्ट. विसरले."

डॉक्टर हसले. तुमच्या वयाला एवढं चालतं, म्हणाले, काळजी करण्यासारखं आत्ता काही दिसत नाही, वर्षाने पुन्हा या. सून रजा काढून बरोबर आली होती. तिने विचारलं, "मग गॅस?"

"तो माझा विषय नाही," ते म्हणाले. "शिट्टी ऐकू येते का, घरी बघा."

सुनेने रविवारी परीक्षा घेतली. कुकर तिने लावला. मला आतल्या खोलीत पाठवलं, दार लोटलं, टीव्ही चालू ठेवला. मुलगा आणि यजमान निकाल बघायला सोफ्यावर बसले. मी पलंगावर बसून राहिले. थोड्या वेळाने शिट्टी झाली. मी बसूनच राहिले. दुसरी झाली. मला दाराबाहेर मुलाचा आवाज आला, "नाही आलं गं तिला ऐकू."

सुनेने दार उघडलं. तिचा चेहरा पडलेला होता. "आई, शिट्टी झाली."

"झाली की, दोन झाल्या," मी म्हणाले. "पण त्या शेजारच्या. आपला कुकर अजून तापतोय."

ती वळून स्वयंपाकघरात गेली. मीही मागे गेले. आमच्या कुकरची शिट्टी नुकती कुठे थरथरायला लागली होती. सुनेने ओट्यावरचा फडका माझ्या हातात दिला आणि टीव्ही बंद करायला निघून गेली. ते पातेलं पुन्हा शेगडीवर पालथं पडलं नाही.

बाईंना आम्ही पोळ्यांपुरतं ठेवलं, आणि जांभळी साडी दिली.

सोमवारी मुलगा आणि सून कामावर गेल्यावर मी बाजारातून बांगडे आणले. खोबरं वाटलं, तिरफळं ठेचली, कढी केली. दुपारी आम्ही दोघंच जेवायला बसलो. यजमानांनी पहिला घास घेतला, ताटाकडे बघितलं आणि ताटालाच सांगितल्यासारखं हळूच म्हणाले, "पातळ झाली हा. मीठ पण कमी. पण कोणाक सांगूचा?"

"मला सांगा," मी म्हणाले.

त्यांचा हात घासासकट तसाच थांबला. किती वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून रोज ताटाशी बोलत होता कोण जाणे. ते माझ्या कानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जेवताना ता काढून ठेव गो जरा."

"काढलं तर गॅस बंद," मी म्हणाले. "रात्री बाईंच्या हातचं कालवण."

त्यांनी थोडा विचार केला. मी मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी चिमूटभर घेतलं, कालवलं आणि ती पातळ कढी भुरकायला लागले. भुरके चांगले मोठे होते.